मोबाईलवर मराठी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबाजोगाईत मराठी शिकवतो. वर्गाबाहेर लोक मला विचारतात ते बहुतेक मोबाईलवरच्या मराठीबद्दल असतं. भावकीचा गट, शेतीचा गट, भजनी मंडळाचा गट, पोरांच्या शाळेचा गट. तिथं घाईत, अर्धवट, कसंही लिहिलेलं वाचून लोक वैतागतात, भांडतात आणि कधी कधी नुकसानही करून घेतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत.

अर्थ कळला की झालं. शुद्धलेखनाचा एवढा आग्रह कशाला?

अर्थ कळत असता तर माझा काहीच आग्रह नव्हता. अडचण अशी आहे की अर्थ लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि वाचणाऱ्याच्या हातात नुसती अक्षरं येतात.

माळेगावच्या यात्रेहून संदेश येतो: "बैल विकला नाही आणला". आता घरच्यांनी काय समजायचं? "बैल विकला, नाही आणला" की "बैल विकला नाही, आणला"? शब्द तेच, क्रमही तोच. दावणीला वैरण टाकून ठेवायची की नाही, हे एका स्वल्पविरामावर ठरतं. दुसरा संदेश: "आबा गेले". आबा तुळजापूरला गेले असतील तर तसं लिहा. पुण्यात कामाला असलेल्या नातवानं ते दोन शब्द वाचले आणि गावाकडं कुणी फोन उचलला नाही, तर त्याचे ते दोन तास कसे जातात याचा विचार करा.

शेतीच्या गटात तर टिंबाला किंमत आहे. "लिटरला १.५ ग्रॅम" लिहिताना टिंब सुटलं की ते १५ ग्रॅम होतं, म्हणजे दहापट औषध. पीक करपल्यावर संदेश कुणाचा होता हे शोधून काही मिळत नाही. प्रमाण सांगताना आकडा, एकक आणि पाणी हे तिन्ही लिहा. "निंबोळी अर्क ५ टक्के" एवढंच न लिहिता "५ किलो निंबोळ्या, १०० लिटर पाणी" असं लिहिलं तर नवख्या पोरालाही कळतं. मिली आणि ग्रॅम पूर्ण लिहा. नुसतं "मि" लिहिलं तर ते मिनिट आहे की मिलिलिटर, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?

वेळेचंही तसंच. "उद्या लाईट राहणार नाही" हा संदेश तीन-तीन दिवस या गटातून त्या गटात फिरतो आणि रोज नवा उद्या तयार होतो. "परवा" तर मागचाही असतो आणि पुढचाही. वार आणि तारीख टाकली की प्रश्न मिटतो. "५ वाजता" लिहिलं असेल तर सकाळी की संध्याकाळी, तेही सांगा.

घाईनं लिहिणाऱ्याचे चार-पाच सेकंद वाचतात. गटातले शे-दीडशे लोक मात्र त्या ओळीवर अडखळतात, त्यातले दहाजण "म्हणजे काय?" असं विचारतात आणि खाली पुन्हा वीस संदेश पडतात.

मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहिली तर काय बिघडतं?

ही सवय कुठून लागली हे आधी लक्षात घ्यायला हवं, म्हणजे कुणाला दोष द्यायची वेळ येत नाही. एसएमएसच्या काळात एका संदेशात रोमन अक्षरं १६० बसायची. देवनागरीत लिहिलं की मर्यादा थेट ७० वर यायची. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जायचं. "शेतकऱ्यांना" या एका शब्दाला ११ जागा लागतात. सणाच्या दिवशी तर एसएमएसचं स्वस्त पॅक चालायचं नाही, प्रत्येक संदेशाचे पैसे पडायचे. स्वस्तातल्या कित्येक हँडसेटवर देवनागरी उमटायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. अशा वेळी लोकांनी रोमनमध्ये लिहिलं, शब्द तोडले, स्वर गाळले, तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आज यातलं एकही कारण उरलेलं नाही. नेटवरून जाणाऱ्या संदेशाला अक्षरागणिक पैसे पडत नाहीत आणि मराठी कीबोर्ड जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे. सवय तेवढी राहिली.

रोमन लिपीत त आणि ट यांना एकच "टी", द आणि ड यांना एकच "डी", न आणि ण यांना एकच "एन", ल आणि ळ यांना एकच "एल". स्वर ह्रस्व की दीर्घ हे बहुतेक जण दाखवत नाहीत. मग व्ही-ए-डी-आय ही चार अक्षरं वडी, वाडी, वादी, वदी यांतलं काहीही असू शकतात. के-ए-एल म्हणजे काल, काळ, कळ. के-एच-ए-टी म्हणजे खत किंवा खाट. घरातल्या दोघांत हे चालून जातं, कारण विषय दोघांनाही माहीत असतो. अनोळखी माणसं असलेल्या गटात प्रत्येक वाक्य आधी सोडवावं लागतं आणि मग वाचावं लागतं.

आणखी एका गोष्टीकडं फारसं कुणी लक्ष देत नाही. ज्यांना दिसत नाही ते लोक फोनला संदेश वाचून दाखवायला सांगतात. ज्यांना अक्षरओळख कमी आहे असे कित्येक आजी-आजोबाही आता तसंच ऐकतात. देवनागरीतली मराठी फोन बरीच नीट वाचतो. रोमनमधली मराठी तो इंग्रजी समजून वाचतो आणि ऐकणाऱ्याला त्यातलं अक्षरही कळत नाही. हात जोडलेली वीस चित्रं टाकली तर तो त्या चित्रांची नावं ऐकवत बसतो.

म्हणजे लघुरूपं वापरायचीच नाहीत का?

जरूर वापरा. मराठीला लघुरूपांचं वावडं कधीच नव्हतं. जुनी पत्रं काढून बघा: "सा. न. वि. वि.", "ती.", "चि.", "सौ. कां.", "ता. क.", आणि पाकिटावर "मु. पो.", "ता.", "जि.". साष्टांग नमस्कार विनंती विशेष असं दर पत्रात पूर्ण लिहायची गरज कुणाला वाटली नाही, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ते पाठ होतं.

कसोटी हीच आहे. परभणीत "वनामकृवि" म्हटलं की शेतकऱ्याच्या पोराला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ लगेच कळतं. तेच रत्नागिरीच्या माणसाला लिहिणार असाल तर एकदा पूर्ण नाव लिहा, मग पुढं खुशाल लघुरूप वापरा. "झेडपी", "सातबारा", "एमएसईबी" आपल्याकडं सगळ्यांना कळतात.

"डीपी"कडं जरा लक्ष द्या. शेतातला ट्रान्सफॉर्मरही डीपी आणि फोनवरचा फोटोही डीपी. "डीपी बदलला" असं कुणी लिहिलं तर अर्ध्या गटाला वाटतं लाईट आली, मोटार चालू करायला जावं.

घरी बसून, त्या दिवशी, एकट्यानं तयार केलेली लघुरूपं मात्र गटात आणू नयेत.

आमची मराठवाड्याची बोली अशुद्ध आहे का? ती लिहू नये का?

अजिबात अशुद्ध नाही, आणि जरूर लिहावी. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण इथंच लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते.

लातूरकडचा माणूस "येऊलालो" (येतोय) म्हणतो, बीडकडचा "मपलं" (माझं) म्हणतो आणि "कामून (का) आला नाहीस" असं विचारतो, परभणी-नांदेडकडं "काय करायलास" सहज ऐकू येतं. ही रूपं पिढ्यान् पिढ्या नियमानं चालत आलेली आहेत. "करायलास" म्हणणारा माणूस "जायलास, खायलास, बसायलास" सगळीकडं तसंच म्हणतो, मनाला येईल तसं बदलत नाही. ज्याला स्वतःचा नियम आहे त्याला चूक म्हणता येत नाही. शिकायला पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं वसतिगृहात गेल्यावर पहिल्या महिन्यात "लई", "कवा", "इकडं" हे शब्द गिळायला लागतात, कारण कुणीतरी हसलेलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

निष्काळजीपणा ही वेगळी गोष्ट आहे. "कामून आला नाहीस?" ही बोली. "कामुन आल नहिस" हा निष्काळजीपणा: दीर्घ ऊकार-वेलांटी, काना, प्रश्नचिन्ह सगळं गळालं आहे आणि ते बोलीमुळं गळालेलं नाही. "पानी आलं का?" असं बोलल्यासारखं लिहिलं तर मी हात लावणार नाही. "पणि अल क" असेल तर लिहिणाऱ्याला पुन्हा लिहायला सांगेन. बोली लिहितानाही उच्चार जसा आहे तसा पूर्ण कागदावर आला पाहिजे, तरच वाचणाऱ्याला ती ऐकू येते.

अर्ज, तक्रार, इतिवृत्त, बातमी लिहायची असेल तर प्रमाण मराठी वापरा, कारण ती चंद्रपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत जाणार असते. भावकीच्या गटात बोलीत लिहा. कोल्हापूरच्या व्याह्यांना "कामून" कळलं नाही तर ते विचारतील आणि तुम्ही सांगाल, त्यात बिघडलं काय?

जुन्या मोडीत ह्रस्व-दीर्घ नव्हतं म्हणतात. मग आताच त्याचा हट्ट का?

मोडीत सर्वसाधारणपणे ह्रस्व आणि दीर्घ इकार-उकार वेगळे दाखवत नसत हे खरं आहे. विरामचिन्हं नव्हती, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. लेखणी न उचलता भराभर लिहिण्यासाठीची ती लिपी. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानं ती रूढ केली असं परंपरा सांगते, म्हणजे तिचा मान आपल्याच भागाकडं येतो.

पण मोडी लिहिणारा कारकून होता आणि वाचणाराही कारकून. दोघांचा सराव सारखा होता. तो सराव संपला आणि कागद बंद झाले. २०२३ पासून मराठवाड्यात निजामकाळातल्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. एका नोंदीवर एका घराचा जातीचा दाखला अवलंबून, आणि ती वाचणारा जिल्ह्यात मोजका.

आजचे संदेश सगळ्यांसाठी असतात, सराव नसलेल्यांसाठीही. म्हणून सगळ्यांना सामाईक असे नियम लागतात. सध्याचे नियम मराठी साहित्य महामंडळानं तयार केले आणि राज्य सरकारनं मान्य केले: १९६२ साली १४ आणि १९७२ साली आणखी ४. एकूण १८. एका बैठकीत वाचून होतात. पात्राच्या तोंडी "असं केलं" अशी बोलण्यातली रूपं चालतात, हेही त्यांतच आहे. ते नियम बोलीच्या विरोधात आहेत हा समज खरा नाही.

मी फक्त आलेला संदेश पुढं पाठवला. त्यातल्या चुकीला मी कसा जबाबदार?

पैठणच्या एकनाथ महाराजांच्या समोर हाच प्रश्न होता. ज्ञानेश्वरी १२९० ची. छापखाना नव्हता, त्यामुळं प्रत हातानं उतरवायची आणि पुढच्यानं ती प्रत बघून दुसरी उतरवायची. तीनशे वर्षांत कुठं अक्षर चुकलं, कुठं शब्द बदलला, कुठं कुणी स्वतःची ओवी घातली. प्रत्येक उतरवणारा म्हणू शकला असता की मी आलं तसं पुढं दिलं. एकनाथांनी प्रती गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढं कुणी यात आपली ओवी घालू नये, असं त्यांनी शेवटी बजावूनही ठेवलं. मूळ ग्रंथ शुद्धच होता, वेगवेगळ्या प्रतींतल्या पाठभेदांमुळं तो बिघडला, हेही त्यांनीच सांगून ठेवलं आहे.

याच एकनाथांनी भारुडं लिहिली, आणि ती बाजारातल्या, वेशीबाहेरच्या माणसांच्या तोंडच्या भाषेत लिहिली. ज्यानं अक्षर न् अक्षर तपासलं त्यालाच बोलीचं प्रेम होतं. बोली हवी की शुद्धता हवी असा वाद घालणाऱ्यांना मी पैठणचं हे उदाहरण देतो.

तुम्ही संदेश पुढं पाठवता तेव्हा तुमचं नाव त्यावर लागतं. तारीख नसेल तर पाठवू नका. आकडा शंकास्पद असेल तर मूळ पाठवणाऱ्याला विचारा. फोटोच्या रूपात फिरणारे मजकूर तर दुरुस्तही करता येत नाहीत, ते जसे चुकले तसेच वर्षानुवर्षं फिरत राहतात.

सगळे नियम पाठ नाहीत. आधी कोणत्या चुका सुधारू?

पाच-सहा जागा सांभाळा, वाचणाऱ्याचा निम्मा त्रास कमी होतो.

शेतकऱ्यांच्या गटात सगळ्यात जास्त चुकणारा शब्द "शेतकऱ्यांना" हाच आहे. तो "शेतकर्यांना" असा लिहिला जातो. मराठीत हे दोन वेगळे उच्चार आहेत. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे बालाघाटातल्या दऱ्या. चाऱ्याला, वाऱ्यावर, कोऱ्या, बऱ्याच, या सगळ्यांत तो रफार यायला नको. त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे. बऱ्याच कीबोर्डांवर र थोडा वेळ दाबून धरला की ते वर येतं, इन्स्क्रिप्ट या सरकारमान्य कीबोर्डवर ते र च्याच कळीवर शिफ्टसह आहे. याचा फायदा शोधतानाही होतो. "शेतकऱ्यांना" असं टाकून जुना संदेश शोधाल तर "शेतकर्यांना" असं लिहिलेला तो सापडणार नाही, कारण फोनसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत.

दुसरी जागा द्ध. श्रद्धांजली, शुद्ध, वृद्ध, प्रसिद्ध, सिद्धार्थ. तोंडानं म्हणून पाहा: श्रद्-धा. आधी अर्धा द, मग पूर्ण ध. फोनवर द, पाय मोडायची खूण, ध, या क्रमानं दाबा. उलट दाबलं की "ध्द" होतं आणि फ्लेक्सवर, पत्रिकेवर, निधनाच्या बातमीत तेच दिसतं.

तिसरी जागा म्हणजे तुटलेले प्रत्यय: "लातूर ला", "आई ने", "मुली साठी", "घरा समोर". कीबोर्डनं सुचवलेला शब्द निवडला की तो पुढं आपोआप जागा सोडतो, आणि प्रत्यय तुटून पडतो. हिंदीत प्रत्यय बहुतेक सुटे लिहितात, ते सतत वाचून डोळ्यांनाही ते खटकेनासं झालंय. मराठीत ते जोडूनच लिहायचे, कारण अर्थ बदलतो. "पाटलांनाही सांगा" म्हणजे इतरांबरोबर पाटलांनाही सांगा. "पाटलांना ही सांगा" म्हणजे ही जी गोष्ट आहे ती पाटलांना सांगा. नको त्या माणसाला नको ती गोष्ट कळायला एक मोकळी जागा पुरते.

मग ह्रस्व-दीर्घ. मी, तू, ही, ती, की हे दीर्घ. आणि, नि ह्रस्व. एवढे सात शब्द धरले तरी रोजच्या लिखाणातल्या कितीतरी चुका जातात. "पीक" दीर्घ, म्हणून "पीकविमा", पण "पिकाचा", "पिकांना". "पिक" म्हणजे कोकीळ. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे नस: दवाखान्यातून संदेश पाठवताना हे लक्षात असू द्या.

गावांची नावं तरी चुकू नयेत. "पूर" नेहमी दीर्घ: तुळजापूर, वैजापूर, गंगापूर, अहमदपूर. लातूर, माहूर, देगलूरसुद्धा दीर्घ. "लातूरला" पण "लातुरात", "तुळजापूरला" पण "तुळजापुरात". नांदेड आणि हिंगोलीवरचा अनुस्वार गाळू नका.

माणसाचं नाव लिहिताना त्याला एकदा विचारून घ्या. आधार, सातबारा आणि बँकेच्या पासबुकावर एकाच शेतकऱ्याचं नाव तीन तऱ्हांनी असेल तर अर्ज अडकतो आणि तो माणूस तहसीलच्या चकरा मारत बसतो.

कीबोर्ड स्वतःच चुकीचा शब्द टाकतो. त्याला मी काय करू?

रोमनमध्ये टाईप करून मराठी शब्द निवडायची पद्धत सोपी आहे, पण ती पहिला शब्द अंदाजानं देते. खाली दोन-तीन पर्याय दिसतात, तिकडं नजर टाका. रोज वापरायचे शब्द एकदा नीट निवडले की बरेच कीबोर्ड ते पुढं लक्षात ठेवतात. जमलं तर थेट मराठी कीबोर्ड शिका. पहिले काही दिवस वेग कमी होतो, नंतर अंदाजावर राहायची वेळ येत नाही.

बोलून टाईप करणंही चांगलं आहे, विशेषतः शेतात हात भरलेले असताना. फक्त बोलीतले शब्द त्याला नीट ऐकू येत नाहीत, विरामचिन्हं तो बहुधा टाकत नाही, आणि वाऱ्यात आकडे चुकतात. पाठवायच्या आधी एकदा वाचा.

"ॲ" हे अक्षर काही ठिकाणी तुटून, मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येऊन दिसतं. ते अ वर वेगळा चंद्र ठेवून लिहिल्यामुळं होतं. "ॲ" हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकांच्या सामाईक अक्षरयादीत, २००८ साली आलं, तेच वापरा.

माझे वडील चौथीपर्यंतच शिकले. त्यांनी लिहूच नये का?

त्यांनी जरूर लिहावं, आणि त्यांच्या चुका काढणाऱ्याला गटातल्या थोरांनी समज द्यावी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, सरकारी शाळांतही उर्दूचंच वजन होतं, आणि मराठीतून शिकायला मिळणं सोपं नव्हतं. त्या पिढीच्या मुलांनी जे काही शिकून घेतलं ते हिमतीवर घेतलं. साठीनंतर फोन हातात घेऊन माणूस पहिल्यांदा "सगळे बरे आहात का" असं लिहितो, त्यात वेलांटी चुकली असेल तरी ते लिहिणं मोलाचं आहे.

निष्काळजीपणा कुणाचा म्हणायचा? ज्याला येतं, वेळ आहे, तरी जो बघत नाही, त्याचा. पदवी घेतलेल्या, बँकेत, शाळेत, पंचायतीत बसलेल्या माणसाकडून मी जास्त अपेक्षा धरतो.

दुसऱ्याची चूक दिसली तर गटात सांगावी का?

तारीख, वेळ, ठिकाण, नाव, औषधाचं प्रमाण, पैशाचा आकडा चुकला असेल तर लगेच, सगळ्यांसमोर सांगा. तिथं संकोच नको. "दादा, माती (अंत्यविधी) सकाळी १० ला आहे की ११ ला?" असं विचारलं की काम होतं, चूकही सुधारते आणि कुणाचा अपमानही होत नाही.

बाकी चुका असतील तर त्या माणसाला वेगळा संदेश पाठवा, तोही तो जवळचा असेल तरच. अनोळखी माणसाला पहिल्याच बोलण्यात वेलांटी शिकवायला जाऊ नका. बोलीला कधीच हात लावू नका. आणि वादात समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर सुचत नाही म्हणून त्याच्या ह्रस्व-दीर्घावर बोट ठेवणं हा तर अन्याय आहे. पाणीवाटपाच्या भांडणात ज्याच्या वाफ्याला पाणी मिळालं नाही त्याचं शुद्धलेखन तपासायचं नसतं.

कुणी वारलं की खाली "आरआयपी" किंवा "भा. पू. श्र." लिहितात. चालतं का?

माझ्या मते चालत नाही. दुःखाच्या घरी पाठवायचे शब्द पूर्ण लिहावेत. "भावपूर्ण श्रद्धांजली" मोठं वाटत असेल तर "काका, फार वाईट झालं, आम्ही संध्याकाळी येतो" असं लिहा, ते जास्त जवळचं वाटतं. बातमी देणाऱ्यानं गेलेल्याचं पूर्ण नाव, गाव, नातं, आणि अंत्यविधीची वेळ व ठिकाण लिहावं. एकाच नावाची चार माणसं एका भावकीत असतात.

अशा लिखाणामुळं पोरांचं मराठी बिघडतं का?

ब्रिटनमध्ये कोव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांच्या एसएमएसमधल्या तोडक्या इंग्रजीचा अभ्यास केला होता. लघुरूपं जास्त वापरणाऱ्या मुलांचं वाचन आणि स्पेलिंग त्यामुळं बिघडलेलं दिसलं नाही, उलट ती मुलं बरी निघाली. आवाज आणि अक्षर यांच्याशी खेळायचं तर ते आधी कळावं लागतं, म्हणून ते मला पटतं.

पण ती मुलं शाळेत, पुस्तकात, रस्त्यावरच्या पाट्यांवर नीट इंग्रजी रोज वाचत होती. आपल्या पोरांच्या वाचनात नीट मराठी किती येते? कित्येकांची शाळा इंग्रजी माध्यमाची, घरातले संदेश रोमनमध्ये, आणि पाटी-फ्लेक्सवर "हार्दीक शुभेच्छा". बरोबर रूप एकदाही डोळ्यांखालून गेलं नाही तर चुकीचं तेच बरोबर वाटतं. म्हणून पोरांच्या हातून लघुरूपं काढून घेण्यापेक्षा त्यांच्यासमोर रोज अर्धं पान चांगलं मराठी ठेवा. आजोबांचं जुनं पत्र मोठ्यानं वाचायला द्या. आजीला काय म्हणायचंय ते ऐकून तिच्या शब्दांत संदेश लिहायला लावा.

चुकीच्या मराठीतला संदेश म्हणजे फसवणूक समजायची का?

शंका घ्यायला ते एक कारण आहे. "आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असे संदेश बऱ्याचदा मोडक्या भाषेत येतात. पण आता फसवणारेही नीट लिहू लागलेत, त्यामुळं भाषा शुद्ध आहे म्हणून विश्वास ठेवू नका. ओटीपी मागणारा, लिंक दाबायला लावणारा आणि घाई करणारा संदेश कितीही चांगल्या मराठीत असला तरी उत्तर देऊ नका.

संदेश पाठवला आणि मग चूक दिसली. आता काय करायचं?

व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांत संदेश दुरुस्त करता येतो. वेलांटी, अनुस्वार, तुटलेला प्रत्यय असेल तर तिथंच सुधारा.

वेळ, तारीख, रक्कम किंवा औषधाचं प्रमाण चुकलं असेल तर गुपचूप दुरुस्त करून थांबू नका. ज्यांनी आधीच वाचलं ते पुन्हा बघायला येत नाहीत, आणि एखादा तोपर्यंत पंप भरून शेतात गेलेला असतो. नवा संदेश टाका, सुरुवातीला "दुरुस्ती" असं लिहा, जुन्या संदेशाला जोडून उत्तर द्या, आणि चुकलेला आकडा व बरोबर आकडा दोन्ही लिहा: "आधी १५ ग्रॅम लिहिलं होतं, ते चूक. लिटरला १.५ ग्रॅम." ज्यानं त्या दिवशी प्रमाण विचारलं होतं त्याला वेगळा फोनही करा.